पहिल्या भागात निदान एक केस तरी संपवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मराठीत थ्रिलर सिरीज का चालत नाहीत यावर लेख आला होता, तो वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहितोय. लेखात म्हटलंय की वाचकाला आता पेशन्स राहिला नाही, मोबाईलने वाट लावली, उरलीसुरली ओटीटीने लावली, त्यामुळे तीन-चार भागांची कादंबरी कोण वाचणार. मला हे अजिबात पटलेलं नाही. जो माणूस एका रात्रीत अख्खा सीझन बघून सकाळी लाल डोळ्यांनी आठ सत्तावीसची लोकल पकडतो त्याला पेशन्स नाही असं कसं म्हणायचं? पेशन्स भरपूर आहे हो, पण पहिल्या भागात आपण त्याला लटकवून ठेवतो आणि मग तो दुसऱ्या भागाला फिरकत नाही, आणि वर आपणच म्हणतो वाचक बिघडला.

मी डोंबिवलीत एक छोटं वाचनालय चालवतो. मासिक वर्गणी, डिपॉझिट, एका वेळी दोन पुस्तकं, सगळं जुन्याच पद्धतीचं, पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आणि पुस्तक गेलं की तिच्यावर शिक्का. सिरीज चालली का पडली हे मला प्रकाशकाला विचारावं लागत नाही, पहिल्या भागाची चिठ्ठी आणि दुसऱ्या भागाची चिठ्ठी शेजारी ठेवली की कळतं. अलीकडच्या बऱ्याच मराठी सिरीजचं चित्र असं आहे की पहिल्याची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी डकवावी लागली आणि दुसऱ्या भागाची वरच्या एक-दोन ओळी सोडल्या तर कोरी. म्हणजे लोकांनी पहिला भाग नेला ना! कव्हर बघून नेला, कोणी सांगितलं म्हणून नेला, उत्सुकता होतीच की. परत देताना मात्र बहुतेकांचं एकच, "काका, हे संपतच नाही हो."

तर माझं म्हणणं एवढंच आहे की सिरीजची पहिली कादंबरी चालायची असेल तर तिने हातात घेतलेलं प्रकरण तिथल्या तिथे पूर्ण संपवलं पाहिजे. खून झाला असेल तर खुनी सापडला पाहिजे, पैसे गेले असतील तर कुठे गेले ते कळलं पाहिजे. शिल्लक ठेवायचंच असेल तर त्या हिरोबद्दल, त्या बाईबद्दल काहीतरी ठेवा. वाचक परत येतो तो माणसासाठी. प्लॉटचं अर्धं बिल बाकी ठेवून त्याला परत बोलावता येत नाही, तो चिडतो.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्याकडे इंग्रजी पुस्तकांचं पण एक कपाट आहे आणि त्यात सगळ्यात जास्त हाताळलेलं पुस्तक म्हणजे ली चाइल्डचं 'किलिंग फ्लोअर'. जॅक रीचर सिरीजमधलं पहिलं, 1997 सालचं. तो ली चाइल्ड म्हणजे मूळचा जिम ग्रँट, इंग्लंडात मँचेस्टरला ग्रॅनाडा टेलिव्हिजनमध्ये नोकरीला होता, 1995 मध्ये कंपनीने माणसं कमी केली त्यात याची नोकरी गेली, वय चाळीस, मग याने कागद-पेन्सिल आणून कादंबरी लिहायला घेतली. आणि त्याने उभा केलेला हिरो कोण, तर आर्मीतला माजी मिलिटरी पोलीस मेजर, कोल्ड वॉर संपल्यावर सैन्य छोटं करायला लागले तेव्हा बाहेर पडलेला. स्वतःचीच हकालपट्टी त्या माणसाने हिरोच्या अंगावर घातली असं मला तरी वाटतं. पण गंमत म्हणजे पुस्तकात त्याची रडगाणी कुठेही नाहीत.

त्याची सुरुवात बघा. जॉर्जिया राज्यातलं मारग्रेव्ह नावाचं एक लहान गाव, हा बाबा हायवेवर बसमधून उतरून पावसात भिजत चालत गावात आलाय आणि एका डायनरमध्ये उशिराचा नाश्ता करतोय, अंडी आणि कॉफी. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो की मला अटक झाली. खिडकीतून त्याला पोलिसांच्या गाड्या येताना दिसतात, शॉटगन घेऊन लोक उतरताना दिसतात. आणि हा काय करतो? अंडी संपवतो, प्लेटखाली पाच डॉलरची नोट दाबून ठेवतो, दुसऱ्या कोणीतरी टाकून दिलेला पेपर वाचत होता तो घडी घालून खिशात टाकतो, हात टेबलाच्या वर दिसतील असे ठेवतो आणि उरलेली कॉफी पिऊन टाकतो. बस. तोवर पोलीस आत. अटक होताना तोंडातून शब्द काढत नाही.

आता या चार-पाच हालचालींमध्ये किती काय सांगून झालं ते मोजा. बिल बुडवणारा माणूस नाही. घाबरणारा नाही. पोलीस आत कसे येतात, कोणाचं बोट कधी ट्रिगरवर जातं याची त्याला इतकी माहिती आहे की हात वर ठेवायचे हे त्याला सुचवावं लागत नाही, म्हणजे कधीकाळी हाच अशा दारांतून आत शिरत असणार. पेपर दुसऱ्याचा, म्हणजे स्वतःचं असं जवळ फारसं काही नाही. आणि हे सगळं कळेपर्यंत आपल्याला त्याचं नावसुद्धा धड माहिती नसतं! आपल्याकडे काय होतं, पहिल्या प्रकरणात इन्स्पेक्टरसाहेब सकाळी उठतात, आरशात बघतात, कानशिलावरचे पांढरे केस, बायको तीन वर्षांपूर्वी सोडून गेली, मुलगी पुण्यात होस्टेलला, व्हिस्कीची बाटली टेबलावर, आणि मग फोन वाजतो. म्हणजे बायोडेटा आधी, काम मागून. वाचकाने अजून त्या माणसाला काही करताना बघितलंच नाही तर त्याच्या घटस्फोटाशी त्याला काय देणंघेणं असणार?

'किलिंग फ्लोअर'मधलं गाव पण बघण्यासारखं आहे. गाव चकाचक, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, दुकानांना नवा रंग, आणि गिऱ्हाईक कुठेच नाही. वाचताना आपण म्हणतो छान वर्णन केलंय, पुढे जातो, आणि नंतर कळतं की तोच सगळ्यात मोठा क्लू होता, दुकानदारांना दर आठवड्याला पैसे वाटले जातायत गप्प राहण्यासाठी. आणि त्या पैशामागचा उद्योग म्हणजे एक डॉलरच्या खऱ्या नोटा धुऊन कोऱ्या करायच्या आणि त्याच कागदावर शंभरच्या छापायच्या, कारण खोट्या नोटांच्या धंद्यात शाई जमते, छपाई जमते, कागद काही केल्या मिळत नाही. (ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी माफ करावं, पण पुस्तक इतकं जुनं झालंय की आता एवढं सांगायला हरकत नाही, आणि खरं सांगायचं तर कळूनही मजा कमी होत नाही.) हे मी का सांगतोय, तर हे प्रकरण त्या पुस्तकात सुरू होऊन त्याच पुस्तकात संपतं. कोण, कसं, कशासाठी, सगळं. शेवटी रीचर गाव सोडून निघून जातो. मागे काही लटकत ठेवत नाही.

त्या पुस्तकात एक भोक मात्र आहे आणि ते भलंमोठं आहे. ज्या माणसाच्या खुनासाठी याला पकडलं तो मेलेला माणूस याचाच सख्खा भाऊ निघतो, जो नावाचा! आणि हा त्या गावात उतरला कशासाठी, तर ब्लाइंड ब्लेक नावाचा जुना गिटारवाला या भागात मेला असं भावाने एकदा कळवलं होतं म्हणून सहज. म्हणजे अमेरिकेएवढ्या देशात, त्या गावात, त्याच सुमारास. आमच्या एक निवृत्त शिक्षिका सभासद आहेत, दुपारी चारला ठरल्या वेळी येतात, त्या म्हणाल्या की हे आपल्या मराठी सिनेमात असतं तर तुम्हीच नावं ठेवली असती. ठेवली असती, खरंय. पण मग चाललं कसं? माझा अंदाज असा की तोपर्यंत आपण त्या माणसाच्या इतके मागे लागलेलो असतो की योगायोग गिळून टाकतो, आणि दुसरं असं की त्याने तो योगायोग शेवटच्या पानासाठी लपवून ठेवला नाही, बऱ्यापैकी आधी उघड केला आणि मग त्याची किंमत हिरोला मोजायला लावली. शेवटी "आणि तो होता त्याचाच भाऊ!" असा फटाका फोडला असता तर मी पुस्तक भिंतीवर मारलं असतं.

हे सगळं पूर्ण संपवण्याचा फायदा काय झाला तेही बघा. 2012 मध्ये रीचरवर टॉम क्रूझचा सिनेमा आला तो सिरीजमधल्या नवव्या पुस्तकावर. 2022 मध्ये अॅमेझॉनवर सिरीज आली तेव्हा पहिला सीझन त्यांनी बरोब्बर पहिल्या पुस्तकावर केला, मग दुसरा सीझन अकराव्या पुस्तकावर आणि तिसरा सातव्यावर. नंबर वर-खाली, कोणाचं काही अडलं नाही. आता मला सांगा, ज्या पुस्तकांचं प्रकरण पुढच्या भागात लोंबकळत असतं त्यांच्याबाबतीत असं करता आलं असतं का? आणि माणसाची ओळख करून द्यायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना पहिल्याच पुस्तकाकडे जावं लागलं.

बाँडचं पण असंच आहे. सिनेमे 1962 ला 'डॉक्टर नो'पासून सुरू झाले, ती मुळात सहावी कादंबरी. पण 2006 ला नवा बाँड घेऊन पाटी कोरी करायची ठरली तेव्हा कुठे गेले, तर 1953 च्या 'कसिनो रोयाल'कडे, इयान फ्लेमिंगच्या पहिल्या पुस्तकाकडे. ते पुस्तक ज्यांनी फक्त सिनेमातला बाँड बघितलाय त्यांनी मुद्दाम वाचावं, धक्का बसेल. त्यात हा जगप्रसिद्ध एजंट निम्म्या पुस्तकात पत्त्यांच्या टेबलावर सगळे सरकारी पैसे हरून बसतो, आणि अमेरिकन दोस्ताने गुपचूप पाकीट सरकवलं म्हणून वाचतो. मग पकडला जातो, खुर्चीला बांधून त्याचे जे हाल करतात ते वाचवत नाहीत. आणि व्हिलनला मारतो कोण, बाँड मारतच नाही! रशियनांचा माणूस येऊन आपल्याच फितूर माणसाला गोळी घालतो, बाँडला मारायची ऑर्डर नाही म्हणून सोडतो आणि जाताना त्याच्या हातावर सुरीने खूण कोरून जातो. एवढं होऊनही पुस्तक बरंच शिल्लक असतं, कारण खरी गोष्ट पुढे आहे, प्रेमात पडतो, नोकरी सोडायच्या विचारात असतो, आणि ती बाईच डबल एजंट निघते आणि मरते.

मला विचाराल तर पहिल्या पुस्तकात हिरोला असं हरवायला छाती लागते. आपले लेखक पहिल्या भागात हिरोला हात लावत नाहीत, कारण पुढे पाच भाग काढायचेत ना, याला जपला पाहिजे! दहा जणांना एकटा लोळवतो, सगळी उत्तरं आधीपासून माहिती, वरिष्ठ त्याच्यावर जळतात. फ्लेमिंगने उलटं केलं, पहिल्याच पुस्तकात त्याला पिळून काढला, आणि शेवटच्या पानावर जो उरला तो कोरडा, कडवट माणूस पुढची सगळी पुस्तकं चालवत राहिला. म्हणजे केस संपली, व्हिलन मेला, बाई मेली, सगळं बंद. तरी वाचकाला कळलं की आता हा माणूस त्या रशियनांच्या मागे लागणार. पुढच्या भागाची जाहिरात करायला वेगळं पान घालावं लागलं नाही.

वाचकाला लटकवूनही सिरीज गाजते याला लोक मला लगेच लार्सनचं उदाहरण देतील म्हणून आधीच सांगतो. स्वीडनचा स्टीग लार्सन, तीन हस्तलिखितं देऊन 2004 च्या नोव्हेंबरमध्ये गेला, पन्नास वर्षांचा होता, आणि पहिलं पुस्तक 2005 मध्ये आलं, इंग्रजीत 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' म्हणून गाजलं. त्याची सुरुवात भयंकर रटाळ आहे, हे मी स्पष्ट सांगतो, कोणातरी उद्योगपतीवरची बातमी, बदनामीचा खटला, पत्रकाराला शिक्षा, पानंच्या पानं शेअर्स आणि कंपन्या. माझ्याकडचे अर्धे लोक तिथेच अडकतात. पण तो प्रकार सुरू व्हायच्या आधी त्याने दोन-तीन पानांत एक खिळा ठोकून ठेवलाय, एका म्हाताऱ्याला दरवर्षी वाढदिवसाला पोस्टाने फ्रेम केलेलं एक सुकवलेलं फूल येतं, कोण पाठवतं माहिती नाही, आणि तो एका निवृत्त पोलिसाला फोन करतो, दोघंही म्हातारे, वर्षानुवर्षं तेच. त्या फुलाच्या जोरावर माणूस तो खटला ओलांडतो. मी आता सभासदांना सांगूनच देतो, की फूल लक्षात ठेवा आणि मधली पानं भराभर उलटा.

आणि मुख्य म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या घरातल्या बेपत्ता झालेल्या मुलीची केस, म्हणजे ते फूल कोण पाठवतं, ते पहिल्याच पुस्तकात पूर्ण उलगडतं. राहतं काय, तर लिस्बेथ सलांडर, त्या पत्रकाराला तपासात मदत करणारी हॅकर. ही मुलगी अशी का झाली, तिच्यावर सरकारने पालक का नेमलाय, लहानपणी काय घडलं, याची पहिल्या भागात नुसती झलक. लोक दुसरा भाग मागायला आले ते तिच्यासाठी. खरा लटकवणारा शेवट लार्सनने केलाय तो दुसऱ्या पुस्तकात, आणि तिथे तो चालतो, कारण तोपर्यंत आपण त्या मुलीचे झालेलो असतो, आणि लेखक शब्दाला जागतो हे एकदा बघितलेलं असतं. नव्या दुकानात उधारी कोण देतं, पण ओळख झाली की देतातच. आपले लोक पहिल्याच दिवशी उधार मागतात.

आता कोणी म्हणेल पहिलं पुस्तक एवढं महत्त्वाचं असतं तर शेरलॉक होम्सचं काय. बरोबर आहे. 'अ स्टडी इन स्कार्लेट' 1887 ला एका ख्रिसमस वार्षिकात आलं, कॉनन डॉयलला सगळ्या हक्कांचे मिळून पंचवीस पौंड मिळाले, आणि फार काही गाजावाजा झाला नाही. खरी लाट आली ती 1891 पासून 'स्ट्रँड' मासिकात छोट्या गोष्टी यायला लागल्या तेव्हा. आणि ते पहिलं पुस्तक आहेच मुळी विचित्र, निम्म्यावर आल्यावर खुनी पकडला जातो आणि एकदम आपण अमेरिकेत युटाच्या वाळवंटात, होम्स गायब, कोणीतरी भलतेच लोक, वाचकाला वाटतं बाइंडिंगवाल्याने दुसऱ्या पुस्तकाचे फॉर्म शिवलेत की काय. (माझ्याकडे एकदा एकाने खरंच तशी तक्रार केली होती.) तरी त्या पुस्तकातलं टिकलं काय ते बघा ना. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त ओळखायची टेस्ट सापडली म्हणून लहान मुलासारखा नाचणारा माणूस, वॉटसनकडे एकदा बघून तुम्ही अफगाणिस्तानात होतात म्हणणारा, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे माहिती नसलेला, वर सांगितल्यावर आता हे विसरायला हवं म्हणणारा. प्लॉट कोणाला आठवत नाही, हे आठवतं. म्हणजे माझाच मुद्दा.

डॅन ब्राउनचं तर त्याहून सोपं, त्याचा हिरो रॉबर्ट लँग्डन, त्याचं पहिलं पुस्तक 'एंजल्स अँड डेमन्स' 2000 सालचं, धमाका झाला 2003 ला दुसऱ्याचा, 'दा विंची कोड'चा, आणि मग लोक मागे वळून पहिलं न्यायला लागले. मागे वळून आले तरी त्यांना काही अडचण आली नाही कारण ते पण आपल्यापुरतं पूर्ण होतं. त्यामुळे पहिलं पुस्तक लगेच खपलं पाहिजे असं मी म्हणतच नाही, ते कधीही सापडलं तरी एकट्याच्या जोरावर उभं राहिलं पाहिजे.

आपल्याकडे हे माहिती नव्हतं असंही नाही. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास, यातलं पहिलं पुस्तक कुठलं हे माझ्याकडे वीस-वीस वर्षं वर्गणी भरणाऱ्यांना पण सांगता येणार नाही. कारण गरजच नव्हती. एसटी स्टँडवर जे मिळालं ते, लायब्ररीत जे आत आलेलं असेल ते, कुठूनही सुरू करा, प्रकरण त्याच पुस्तकात मिटणार याची खात्री. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि लोकांनी त्या वाचल्या, तेव्हा मराठी वाचक सिरीज वाचत नाही हे कोणी मला सांगू नये. त्या पुस्तकांत बाकीचे दोष होते, घाईत लिहिलेली, एकसारखी, बायकांची पात्रं म्हणजे तर विचारूच नका, आणि पहिल्या पुस्तकातला हिरो आणि शंभराव्यातला यांच्यात तसूभर फरक नाही, वय वाढत नाही, दुखणं नाही. आजच्या लेखकांना ते नको आहे हे मी समजू शकतो, त्यांना माणूस बदलताना दाखवायचाय. दाखवा ना. पण त्याच्यासाठी केस अर्धवट ठेवायची काय गरज आहे, एवढंच विचारतोय.

मला वाटतं हे सगळं आलंय ओटीटीवरून. तिथे सीझन अर्धवट संपवतात कारण त्यांना पुढच्या सीझनचे पैसे मंजूर करून घ्यायचे असतात आणि तुम्ही महिन्याचं सबस्क्रिप्शन बंद करू नये असं वाटत असतं. पुस्तकाला तो हिशोब लागूच नाही. इथे दुसरा भाग यायला दीड-दोन वर्षं, कधी चार, कधी येतच नाही. तोपर्यंत पात्रांची नावं पण विसरायला होतात. एका लेखकाने पहिला भाग नायिकेच्या डोक्याला पिस्तूल लावून संपवला आणि नंतर लिहिणंच थांबवलं, ती बिचारी अजून तशीच उभी आहे, आणि आमच्याकडे ते पुस्तक नेलेल्या एक काकू अजून मला जबाबदार धरतात.

अजून एक बारीक गोष्ट, पण पहिलं पुस्तक लिहायच्या आधी विचार करायला हवी अशी. या हिरोकडे पुढची केस येणार कुठून? रीचर गावोगाव भटकतो म्हणून रोज नवीन गाव, होम्सकडे अशील जिना चढून येतो, बाँडला साहेब बोलावतो. सोय आधीच करून ठेवलेली आहे. आपल्याकडे मात्र एखादी बँकेतली क्लार्क, शेजारी खून होतो, ती शोधून काढते, पुस्तक मस्त जमलंय, आणि मग प्रकाशक म्हणतो सिरीज करू. मग दुसऱ्या भागात तिच्या नणंदेकडे खून, तिसऱ्यात ट्रेकला गेली तिकडे खून, शेवटी सोसायटीवालेच म्हणतील बाई तुम्ही जागा बदला. आणि बापाच्या किंवा भावाच्या खुनाचा बदला हा मसाला एकदाच वापरता येतो, रीचरचा पण तो पहिल्याच पुस्तकात वापरून झाला. पुढे त्याला अनोळखी माणसांच्या भानगडीत पाय घालावा लागला आणि तो घालणारा माणूस आहे हे पहिल्या पुस्तकात नीट दाखवलेलं होतं म्हणून ते खरं वाटतं.

लेखकांना शिकवायची माझी लायकी नाही, मी पुस्तकं देणारा-घेणारा माणूस. पण प्रकाशकांना दोन गोष्टी तुमच्या पेपरमधून सांगायच्या आहेत, कारण आमच्यासारख्यांचे फोन ते उचलत नाहीत. एक, सिरीज असेल तर कण्यावर नंबर छापा, अनुवादांवर तर नक्कीच छापा, चौथं पुस्तक आधी येतं, पहिलं तीन वर्षांनी, आणि कव्हरवर काही पत्ता नाही, कपाटात लावायचं कसं आणि सभासदाला सांगायचं काय. दुसरं, प्रकरण त्या पुस्तकात संपत नसेल तर मागच्या कव्हरवर तसं स्वच्छ लिहा, 'कथा अपूर्ण, पुढील भागात समाप्त' एवढं चार-पाच शब्दांत भागेल. पूर्वी मासिकांत सुद्धा क्रमशः लिहायची पद्धत होती. आणि दुसरा भाग लिहून तयार नसेल तर पहिला छापू नका, थांबा थोडं, आम्ही इथेच आहोत, पुरवणीत म्हणतात तेवढा वाचक काही पळून गेलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचनालयवाला, डोंबिवली (पूर्व)